खांबाला हात

"हात दाखव."

परेरा मॅडम हॉलच्या दारातच उभ्या होत्या. मी दोन्ही तळवे पुढे केले. उजवा स्वच्छ. डावा मात्र कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा काळाकुट्ट.

"किती वेळा?"

"एकदाच, मॅडम."

"खोटं बोलू राहिली तू, पोरी. तीनदा तं मीच पाह्यलं."

मी मान खाली घातली. बॅडमिंटनच्या नेटच्या दोन्ही खांबांना मॅडम रोज सकाळी स्वतःच्या हाताने काळं बूटपॉलिश फासत. सगळ्यांसाठी नाही, फक्त माझ्यासाठी. कारण अख्ख्या भुसावळात खेळता खेळता नेटच्या खांबाला हात लावून येणारी मीच एकटी होते.

त्यात माझा तरी काय दोष? मी मूळची खो-खोची. खो-खोत पाठलाग करताना एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही. तडक खांबापर्यंत जायचं, खांबाला वळसा घालायचा, मगच तोंड फिरवायचं. मी वळताना खांबाला एक सणसणीत थाप मारायचे. शाळेत असल्यापासून मारलेल्या त्या थापा अशा काही अंगात मुरल्या होत्या की पळताना डोळ्याच्या कोपऱ्यात कुठलाही खांब आला, की डावा हात आपला आपणच निघायचा. मावशीच्या लग्नात मी अशीच मांडवाच्या खांबाला थाप मारून वळले होते. मांडवाचा तो कोपरा जेवणाऱ्यांच्या पंगतीवर आला आणि नवरदेवाचे मामा मठ्ठ्याच्या पातेल्यात बसले. तेव्हापासून आमच्या नात्यात लग्न असलं की आईला आधी निरोप यायचा, "हर्षूले जरा धरून बसा."

पण बॅडमिंटनमध्ये हे हसण्यावारी जात नाही. शटल हवेत असताना नेटला किंवा त्याच्या खांबाला नुसतं बोट लागलं तरी चूक धरतात. म्हणून हे पॉलिश, आणि म्हणून रोजचं हे 'हात दाखव'.

एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नव्हती. मी असं का करते, हे मॅडमनी मला कधीच विचारलं नाही.

परेरा मॅडम म्हणजे रेल्वे कॉलनीतल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. गुडघ्याखाली जाणारा पांढरा स्कर्ट, पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट, कापलेले रुपेरी केस. नवा माणूस त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला जायचा आणि मग तोंड उघडं टाकून बघत राहायचा, कारण मॅडमची भाषा आमच्या आज्जीपेक्षा अस्सल. हॉल त्यांचा जीव. फक्त एक खोड होती. शटल म्हणजे पिसांचं फूल, जरा वारा लागला की वाट सोडतं. म्हणून बॅडमिंटनच्या हॉलच्या खिडक्या जगभर घट्ट बंद असतात. आमच्या हॉलची मैदानाकडची खिडकी मात्र कायम उघडी. कोणी लावायला गेलं की मॅडम खेकसायच्या, "राहू दे. उकडतं मले." भर डिसेंबरात.

त्या खिडकीतूनच माझं बॅडमिंटन सुरू झालं. पलीकडच्या मैदानावर आमचा खो-खोचा सराव चालायचा. एकदा एक शटल खिडकीतून बाहेर आलं. मी धावत जाऊन ते हवेतच झेललं आणि परत आत भिरकावलं. खिडकीत मॅडमचं डोकं उगवलं.

"ए पोरी, इकडं ये. बूट काढून ये."

आणि तिथून माझ्या आयुष्याच्या दोरीची रस्सीखेच सुरू झाली. एका टोकाला मॅडम, दुसऱ्या टोकाला कॉलेजचे खो-खोचे भारंबे सर.

भारंबे सर मॅडमच्या उलट. गाव बामणोद, बाप केळीवाला, पण तोंडातून निघणार ते पाठ्यपुस्तक. गळ्यात शिट्टी, पायात चपला. रॅकेटला ते 'ती जाळी' म्हणायचे आणि हात लावायचे नाहीत.

शेवटी एका रविवारी दोघेही आमच्या क्वार्टरमध्ये एकदमच येऊन थडकले. माझे आबा मालगाडीचे गार्ड. गार्ड आणि आडनाव झोपे! यावर रेल्वेत जेवढे विनोद होणं शक्य होतं तेवढे होऊन गेलेले. त्यामुळे आबांना कशाचाच धक्का बसायचा नाही. त्यांनी दोन खुर्च्या समोरासमोर टाकल्या, मग विचार करून जरा लांब सरकवल्या.

"झोपेसाहेब," सरांनी सुरुवात केली, "आपल्या कन्येचे पाय ही मैदानाची ठेव आहे. ते पाय लाकडी फरशीवर घसरवणं हा शुद्ध अन्याय आहे."

"अन् तिचं मनगट?" मॅडम म्हणाल्या. "ते काय धुळीत टेकायले दिलं का देवानं?"

"धुळीला नावं ठेवू नका, मॅडम."

"मी कुठं ठेवू राहिली? तुम्हीच माह्या रॅकेटले जाळी म्हणता. मासे धरू राहिली का मी?"

"चहा घ्या," आबा म्हणाले.

"विद्यापीठाच्या निवडीचे दोन्ही अंतिम सामने यंदा इथेच आहेत. एकाच दिवशी!" सर म्हणाले. "मुलगी दोन डगरींवर पाय ठेवून उभी आहे. एक काय ते आता ठरायला हवं."

'एक काय ते' म्हटल्यावर मॅडमनी कप बशीत ठेवला. जरा जोरातच.

"ठरवा मंग," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी ज्या खेळात जिंकली, तो तिचा. हरली तो खेळ सुटला. पुन्हा त्या बाजूनं बोलवायचं नही. ना तुम्ही, ना मी."

"मान्य."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. माझं कोणी विचारेचना. "अन् दोन्हीत हरली तर?" मी म्हटलं.

"तर तुमच्या आईंना पोळ्या लाटायला मदत करा," सर म्हणाले.

"अन् दोन्हीत जिंकली तर?"

सर खो खो हसले. म्हणजे खरंच तसेच हसले. "तर हा भारंबे हातात जाळी धरेल आणि बॅडमिंटन खेळेल! काय मॅडम?"

मॅडम हसल्या नाहीत. बशीतल्या चहाकडे बघत म्हणाल्या, "तं मी खो-खो खेळीन."

झालं. ठरलं. मी मात्र त्या दिवसापासून हवेतच. कोणी तुम्हाला सांगावं की डावा डोळा ठेव नाहीतर उजवा, तसं झालं होतं. मैदानात आठ जणी ओळीत बसायच्या, नववी पळायची, तेव्हा नऊ जणींचा मिळून एकच श्वास चालायचा. पाठीवर थाप आणि कानात 'खो' पडला की अंगातून जी वीज जायची, तिची सर कशालाच नाही. आणि हॉलमध्ये? तिथे मी एकटी. सगळं शांत, आणि त्या शांततेत शटल तारांवर बरोबर मधोमध बसल्याचा तो 'टप्प'. तो आवाज ऐकला की मला उगाच हसू यायचं. यातलं सोडू काय?

"काही सोडू नको," आमची कर्णधार सलमा तडवी म्हणाली. यावलकडची, काटक, उन्हात तापलेल्या तारेसारखी. "दोन्ही जिंक. सरांले जाळी धरलेलं पाह्यचं हाये मले."

सामन्यांच्या दिवशी हिशेब सोपा होता. सकाळी बॅडमिंटन, दुपारी खो-खो. पण बॅडमिंटनची माझी प्रतिस्पर्धी नाशिकहून पॅसेंजरने येणार होती आणि ती पॅसेंजर भुसावळच्या अलीकडे सिग्नलला जी बसली ती बसलीच. अगदी घराच्या दारात येऊन रुसल्यासारखी.

आबा ड्यूटीवर जायच्या आधी गणवेशातच आले होते, खांद्याला त्यांची ती पिशवी. गाडी अडकलीय हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा पडला, जणू त्यांनीच ती अडवलीय. जो भेटेल त्याला सांगत सुटले, "पुढं मालगाड्याइची लाइन लागली हाये. गाडीची चूक नही."

दुपार झाली. खो-खो सुरू झाला. समोर जळगावचा संघ. आधी आम्ही पळलो, मग आम्ही पाठलाग केला. पहिला डाव संपला तेव्हा त्यांचे दोन गुण जास्त. आम्ही घटाघटा पाणी पीत होतो, तोच हॉलच्या भोंग्यातून आवाज आला, "कुमारी हर्षला झोपे यांनी ताबडतोब हजर व्हावे. अन्यथा समोरचा खेळाडू विजयी घोषित करण्यात येईल."

नाशिककरीण आली होती.

मी सलमाकडे पाहिलं. सलमाने सरांकडे. सर शिट्टीशी चाळा करत आभाळाकडे बघू लागले.

"सर," सलमा म्हणाली, "आता आपली पळायची पाळी. तीन-तीन जणींच्या तुकड्या. हर्षला शेवटच्या तुकडीत. आधीच्या सहा जणी बाद होईपर्यंत तिचं मैदानात काय काम?"

"काम नसलं तरी तिने रेषेजवळ बसणं ही शिस्त आहे."

"नियम हाये का?"

सर सत्याचा माणूस. दोन वेळा तोंड उघडून त्यांनी मिटलं. "नियम... नाही."

"मग जाऊ द्या तिले. पण तुकडीचं नाव पुकारल्यावर ती आत दिसली नाही तर बाद. मंग आपण गेलो." सलमा माझ्याकडे वळली. "पहिल्या तुकडीत मी नही जात, दुसरीत जाते. तुले जेवढा वेळ पाहिजे तेवढा मी पळते. फक्त लवकर हरव तिले. माह्या पायावर दया कर."

पण हॉलमध्ये मला कळणार कसं, बाहेर काय चाललंय? तेव्हा आबा पुढे आले. पिशवीतून त्यांनी गार्डचे दोन झेंडे काढले. एक लाल, एक हिरवा, काठीला गुंडाळलेले.

"मी मैदानाच्या कडंले, खिडकीच्या समोर उभा राहीन," ते म्हणाले. "हिरवा दिसला, खेळ. लाल दिसला की आहे तिथून ये. बत्तीस वर्षांत माह्या झेंड्यानं कधी चूक केली नही, बेटा."

मी अनवाणीच पळाले. धुळीचे पाय पुसणं, बूट चढवणं, रॅकेट उचलणं, सगळं एका दमात. मॅडम खिडकीजवळ बसल्या होत्या. त्यांनी माझ्या मातकट गुडघ्यांकडे पाहिलं आणि खिडकीची उरलेली फळीही ढकलून दिली. लांब निंबाखाली आबा ताठ उभे दिसत होते, हातात हिरवा झेंडा.

नाशिककरीण ऋजुता नावाची उंच, शांत मुलगी. रात्रभराच्या प्रवासाने डोळे सुजलेले. "सॉरी हं, माझ्यामुळे उशीर झाला," ती म्हणाली. मला इतकं वाईट वाटलं की मी तिला पहिला गेम भराभर हरवला. थांबायला वेळच नव्हता. शटल पडलं की मीच धावत जाऊन उचलायचे, तिच्या हातात द्यायचे, परत पळायचे. पंच म्हणाले, "बाई, तुमची गाडी सुटतेय का?"

"हो," मी म्हटलं.

मधेच खिडकीकडे बघायचं, हिरवा. सर्व्हिस करायची. पुन्हा खिडकी, हिरवा. बाहेरून आमच्या पोरींचा कल्ला ऐकू यायचा आणि मग एकदम 'हाऽऽ' असा उसासा. कोणीतरी बाद झालं. कोण? हिरवाच. म्हणजे अजून आहेत.

दुसऱ्या गेममध्ये ऋजुताची झोप उडाली. मनगटाच्या नुसत्या झटक्याने ती मला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळवू लागली. पण पळवण्याची भीती मला घालायची? मी पळत राहिले. गुण चढत गेले आणि अखेर सर्व्हिस माझी, एक गुण झाला की सामना माझा.

तिने शटल नेटजवळ अलगद टाकलं. मी झेपावले, उचललं, पलीकडे ढकललं. शटल नेटवरून घरंगळत तिच्या बाजूला उतरू लागलं. ती मागे अडकलेली. संपला सामना! मी धावण्याच्या भरात पुढे, पुढे, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात खांब.

सणसणीत थाप.

शटल जमिनीला टेकायच्या आधी.

"चूक!" पंच ओरडले. आणि मग, नियमात नसतानाही, "बाई, हे काय केलंत?"

सगळा हॉल खदखदून हसला. ऋजुतालाही हसू आवरेना. सर्व्हिस गेली. मी खिडकीकडे पाहायच्या आधी मॅडमकडे पाहिलं. मला वाटलं, कपाळाला हात लावून बसल्या असतील. तर त्या दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होत्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मॅडम! बाहेर बघितलं तर हिरवा झेंडा, आणि आता तो जोरजोरात हलत होता. आबा म्हणत असतील, खेळ बेटा, बिनधास्त खेळ.

मी डावा हात मागे नेला आणि चड्डीच्या नाडीत घट्ट खुपसला. बस तिथेच. उरलेला खेळ मी एका हाताने खेळले. पळताना तोल जायचा, बदकासारखी डुलायचे, पण हात काही सोडला नाही. सर्व्हिस परत मिळवली. ऋजुता माझं ते ध्यान बघून पुन्हा हसायला लागली आणि हसता हसता तिने शटल उंच, पण आखूड टाकलं. छताच्या दिव्याखाली ते असं तरंगत आलं, जसं कोणी ताटात वाढून आणलंय. टप्प!

नेटवरून तिचा हात हातात घेतला, हलवला, आणि मी सुटले.

बाहेर आले तर आबा मैदानाकडे पाठ करून उभे! हॉलमागच्या रुळांवरून लांबच लांब मालगाडी धडधडत चालली होती. शेवटच्या डब्यातला गार्ड हिरवा झेंडा दाखवत होता आणि माझे आबा, छाती काढून, टाचा जुळवून, त्याला हिरवा झेंडा दाखवत होते. सगळं ठीक आहे. गाडी सुखरूप आहे. बत्तीस वर्षांची सवय! समोरून गाडी गेली की झेंडा दाखवायचा. मग जगबुडी होवो.

"आबा!"

ते वळले. मैदान दिसलं आणि त्यांचा हात खाली आला. "अरे देवा," ते पुटपुटले. "लाल दाखवायचा राहिला."

मैदानात आमची एकच पोर उरली होती. सलमा. दुसऱ्या तुकडीतल्या बाकी दोघी कधीच्या बाद झाल्या होत्या. सलमाचे केस सुटलेले, ओढणी कोणीतरी बाहेर धरलेली, तोंड चुलीतल्या निखाऱ्यासारखं लाल. जळगावच्या नऊ जणी तिच्या मागे आणि ती त्यांच्या हाताखालून, बोटांच्या फटीतून निसटत होती. तेवढ्यात तिला मी दिसले.

"काय झालं?" ती पळता पळता ओरडली.

"जिंकले!"

"मग आता मरू दे मले!" असं म्हणून ती होती तिथे आडवी पडली. एका जळगावकरणीने येऊन तिला हळूच बोट लावलं.

"बाद! पुढची तुकडी!"

मी आत उडी घेतली. शिट्टी वाजली. खो-खोचे पंच माझ्याकडे बोट दाखवून ओरडत होते. बघते तर हातात रॅकेट! मी ती न बघता बाहेर भिरकावली. ती सरळ भारंबे सरांच्या छातीवर गेली आणि सरांनी दोन्ही हातांनी ती कवटाळली. पुढचा सगळा सामना ती त्यांच्या हातात होती. नंतर लोकांनी सांगितलं, तिच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मला सूचना देताना ते तीच हलवत होते.

मी पळाले. पुढे तोंड करून नाही, मागे मागे, हॉलमध्ये शिकवलेल्या पावलांनी. पाठलाग करणारीच्या डोळ्यांत डोळे घालून. ती कुठे झेपावणार ते शटल कुठे पडणार तसं दिसायचं. वेळ संपली तेव्हा मी उभीच होते.

मग आमची पाठलागाची पाळी. गुण बरोबरीत आले. शेवटची शिट्टी कुठल्याही क्षणी होणार, आणि त्यांची एक चपळ पोरगी खांबाच्या पलीकडे गिरक्या घेतेय. पाठीवर सलमाची थाप पडली, "खो!" मी उठले. दिशा धरली. आता मागे फिरणं नाही. समोर खांब.

या खांबाला हात लावायला मला कोणाची बंदी नव्हती. अशी थाप मारली, अशी मारली, की आवाज हॉलच्या छतावर आदळून परत आला. वळले आणि सूर मारला. तोंडात माती, नाकात माती, आणि बोटांच्या टोकाला तिची टाच.

शिट्टी.

सर उड्या मारत आत आले. वाटेत त्यांच्या हातातल्या रॅकेटने आबांची टोपी उडवली, ते मी आजही विसरलेले नाही. "दोन्ही!" सलमा माझ्या अंगावर पडून ओरडत होती. "दोन्ही, दोन्ही, दोन्ही!"

पुढच्या रविवारी मैदानाच्या कडेला भरीत पार्टी ठरली. हिरवी वांगी काटक्यांवर भाजत टाकली होती, आई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या थापत होती, कांद्याच्या पातीचा वास सुटला होता. सगळा संघ, हॉलमधल्या पोरी, सगळे एकाच गोष्टीची वाट बघत होते. ठरलं होतं ते आधी करायचं, मग जेवायचं.

सरांनी शब्द पाळला. हॉलमध्ये उभे राहिले, अनवाणी, हातात जाळी. मॅडमनी सर्व्हिस केली. सरांनी दांडपट्ट्यासारखी रॅकेट फिरवली. शटल त्यांच्या डोक्यावर पडलं आणि तिथेच राहिलं. "हे वाऱ्यामुळे झालं," सर म्हणाले. "ती खिडकी लावा आधी."

"खिडकी राहू द्या," मॅडम म्हणाल्या.

मग सगळे मैदानात. मी आणि सलमाने आधीच एक आगाऊपणा करून ठेवला होता. हॉलमधलं पॉलिश आणून खो-खोच्या खांबाला फासलं होतं. म्हटलं, मॅडमना खांबापर्यंत चालत नेऊ, हात धरून टेकवू, आणि मग तळहात बघू.

मॅडमनी पांढरा स्कर्ट गुडघ्यांत आवळला. आमच्या ओळीत, बसायच्या चौकात जाऊन बसल्या. आणि त्या बसल्या ते बघून आम्ही सगळे पुढे सरकलो. नवी माणसं चौकात मांडी घालतात. फार तर उकिडवी बसतात. मॅडमनी एक पाय मागे रोवला, दुसऱ्याच्या बोटांवर भार दिला, दोन्ही हातांची बोटं जमिनीला टेकवली, मान सरळ. धनुष्य ओढून धरावं तशा.

पळायला भारंबे सर. ते हसत हसत येत होते. मॅडमना बघून त्यांचा वेग आपोआप वाढला.

मी मागून गेले. पाठीवर थाप दिली, अगदी हळू. "खो."

मॅडम उठल्या नाहीत. मॅडम सुटल्या. पहिलं पाऊल बरोबर दिशेला, मान वळवणं नाही, खांदा फिरवणं नाही. पळताना दम लागत होता, गुडघा जरा ओढत होता, पण रेष सरळ. सर खांबाला वळसा घालून पळाले. मॅडम खांबापाशी पोचल्या, डावा हात निघाला, सणसणीत थाप, वळल्या, आणि सरांच्या पाठीत हात.

"बाद!" सलमा किंचाळली.

वांगी फुटण्याचा आवाज तेवढा येत होता. सरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पाच काळी बोटं उमटली होती.

"मॅडम," सर म्हणाले. पाठ्यपुस्तकातलं एकही वाक्य त्यांना सापडेना. "मॅडम, हे... तुम्ही कुठं शिकल्या?"

"इथंच," मॅडम निंबाच्या बुंध्याला टेकत म्हणाल्या. "हे झाड तव्हा माह्या कमरेएवढं होतं. सकाळी हॉल, संध्याकाळी मैदान. मलेबी दोन्ही येत होतं. मंग कोणीतरी माह्या पप्पाले सांगितलं, पोरीचे धुळीचे पाय हॉलमधी चालत नहीत. एक काय ते ठरवा. पप्पानं ठरवलं."

"अन् तुम्ही?" मी विचारलं. "तुम्ही काय केलं?"

मॅडमनी हॉलकडे पाहिलं.

"मी खिडकी उघडी ठेवली."

सरांनी मान फिरवली आणि उगाचच शिट्टी पुसू लागले. पण त्या दिवशी रडायचं नव्हतं. कोणत्याही परिस्थितीत नाही. मी मॅडमसमोर जाऊन उभी राहिले, कमरेवर हात ठेवून, अगदी त्यांच्यासारखी.

"हात दाखवा."

त्यांनी लहान पोरीसारखे दोन्ही तळवे पुढे केले. उजवा स्वच्छ. डावा काळाकुट्ट.

"किती वेळा?"

"एकदाच," मॅडम म्हणाल्या.

"खरं?"

त्यांनी खांबाकडे पाहिलं. मग सरांकडे, मग भाजून तयार झालेल्या वांग्यांकडे. आणि स्कर्ट पुन्हा गुडघ्यांत आवळून त्या सरळ चौकाकडे निघाल्या.

"भरीत थांबवा जरा," जाता जाता म्हणाल्या. "अन् भारंबे, तुम्ही पळा."